जखम आणि परित्याग : सोफोक्लिसच्या ‘फिलोक्टेटिस’विषयी

शरीराची वेदना आणि समाजाने दूर लोटल्याचे दुःख ही दोन भिन्न जातींची दुःखे आहेत, असे आपण सामान्यतः धरून चालतो. साहित्यशास्त्रानेही ही विभागणी बव्हंशी मान्य केलेली दिसते. भरताच्या नाट्यशास्त्रात व्याधीची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत होते. म्हणजे ती येते, मुख्य भावाला काही काळ बळ देते आणि ओसरते. इष्टजनांचा वियोग मात्र करुणरसाच्या विभावांत बसतो. युरोपीय विचारातही वेगळ्या वाटेने जवळजवळ हाच निर्णय झाला. ॲडम स्मिथ याने १७५९ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिभावनांविषयीच्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, दुसऱ्याच्या देहाच्या वेदनेशी आपण फार थोडे समरस होऊ शकतो. ग्रीक नाटकांत अशी वेदना रंगभूमीवर दाखविली जाते, तेव्हाही आपले मन हेलावते ते तिच्या भोवतालच्या परिस्थितीमुळे. यासाठी त्याने दिलेल्या उदाहरणांत सोफोक्लिसचा फिलोक्टेटिस आहे. स्मिथच्या मते या नायकाचा दुखरा पाय प्रेक्षकाला भिडत नाही; त्याचे एकटेपण भिडते.

या निर्णयाला आपल्या काळात एका अनपेक्षित दिशेने हरकत घेतली गेली आहे. २००३ साली नेओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि किपलिंग विल्यम्स या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून पडद्यावर चेंडूफेकीचा एक साधा खेळ खेळावयास दिला होता. आपल्याबरोबर आणखी दोन माणसे खेळत आहेत अशी त्यांची समजूत होती. वस्तुतः ते दोन्ही खेळाडू संगणकाने चालविलेले होते. काही वेळाने ते दोघे आपसांतच चेंडू फेकू लागत आणि तिसऱ्याला वगळीत. एवढ्याशा वगळण्याने ज्यांना अधिक दुःख झाले, त्यांच्या मेंदूच्या एका विशिष्ट भागात अधिक हालचाल आढळली. आणि हा भाग शारीरिक वेदनेच्या क्लेशाशी निगडित मानला जात होता. तेव्हापासून ‘नकार खरोखरच दुखतो’ हे विधान सर्वत्र रूढ झाले आहे. स्मिथने ज्या दोन गोष्टी विलग केल्या होत्या, त्या प्रयोगशाळेने अशा रीतीने एकमेकींशेजारी आणून ठेवल्या.

या दोन भूमिकांपैकी ग्राह्य कोणती, हा प्रश्न ज्या नाटकाचा दाखला स्मिथने दिला त्याच नाटकाला विचारावयाचा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. निष्कर्ष प्रारंभीच सांगून ठेवणे बरे. या दोन दुःखांचा आक्रोश एक आहे, परंतु त्यांचा उपचार एक नाही. आणि हे दोन्ही सोफोक्लिसने इतक्या नेमकेपणाने दाखविले आहे की, त्यापुढे स्मिथची विभागणी आणि आजचे लोकप्रिय एकीकरण ही दोन्ही अपुरी वाटतात.

नाटकाचे कथानक थोडक्यात असे. ट्रॉयच्या स्वारीवर निघालेल्या फिलोक्टेटिसच्या पायाला ख्रिसी देवतेच्या स्थानाचे रक्षण करणारा सर्प डसतो. जखम चिघळते, तिला दुर्गंधी येते, आणि त्याच्या किंकाळ्यांमुळे सैन्याला शांतपणे यज्ञ व तर्पण करता येईनासे होते. तेव्हा सेनानायकांच्या आज्ञेने ओडिसिअस त्याला लेम्नॉस बेटाच्या किनाऱ्यावर झोपेत टाकून देतो. जवळ थोडे अन्न आणि काही चिंध्या ठेवून जहाजे निघून जातात. पुढे दहाव्या वर्षी असे भविष्य कळते की, फिलोक्टेटिसजवळ असलेल्या हेराक्लिसच्या धनुष्याखेरीज ट्रॉय पडणार नाही. ओडिसिअस आता अकिलीसच्या तरुण पुत्राला, निओप्टोलेमसला, बरोबर घेऊन परत येतो. धनुष्य कपटाने मिळवावयाचे असते.

हा विषय सोफोक्लिसपूर्वी इस्किलस आणि युरिपिडिस यांनीही हाताळला होता. त्यांची नाटके आज उपलब्ध नाहीत. परंतु ती तिन्ही वाचलेल्या डिओ क्रिसोस्टोम या वक्त्याने त्यांची तुलना करून ठेवली आहे. तिच्यावरून असे दिसते की, आधीच्या दोघांच्या नाटकांत वृंद लेम्नॉसच्या रहिवाशांचा होता. सोफोक्लिसने इ. स. पूर्व ४०९ मध्ये आपले नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हा त्याने बेट निर्जन केले आणि वृंद जहाजावरील खलाशांचा केला. या एका बदलाने सगळ्या वेदनेचे स्वरूप पालटते. लेसिंगने १७६६ च्या ‘लाओकोन’मध्ये याकडे लक्ष वेधले आहे : केवळ देहाची वेदना प्रेक्षकाला फार काळ धरून ठेवणार नाही हे ओळखून कवीने तिला माणसांच्या सहवासाच्या पूर्ण अभावाची जोड दिली. लेसिंगचे निरीक्षण मार्मिक आहे. तथापि ‘जोड दिली’ असे म्हटले की, दोन स्वतंत्र दुःखे एकावर एक रचली गेली असा समज होतो. नाटकात घडते ते यापेक्षा वेगळे आहे. पायाच्या वेदनेमुळे किंकाळी फुटते. किंकाळीमुळे परित्याग होतो. आणि परित्याग झाल्यामुळे पुढची प्रत्येक किंकाळी दुहेरी होते, कारण ती ऐकणारे कोणी नसते. येथे एक दुःख दुसऱ्याचे कारण होते, आणि मग दोन्ही एकमेकांना पोसू लागतात.

याचा सर्वांत सूक्ष्म प्रत्यय नाटकाच्या मध्यभागी येतो. निओप्टोलेमस आपल्याला घरी नेणार अशी फिलोक्टेटिसची खात्री पटलेली आहे, आणि दोघे जहाजाकडे निघाले आहेत. इतक्यात वेदनेचा झटका येतो. फिलोक्टेटिस थांबतो, आणि काय झाले असे विचारल्यावर काही नाही, उलट आता बरे वाटू लागले आहे, असे सांगतो. वेदना असह्य होईपर्यंत तो ती लपवितो. त्याला भय पायाचे नाही; पाय तर दहा वर्षांचा सोबती आहे. ओरडलो तर हेही आपल्याला टाकून जातील, हे ते भय होय. एकदा वेदनेपायी टाकला गेलेला मनुष्य वेदना होत असतानाच तिची लाज बाळगावयास शिकतो. याच्या थोडे आधी त्याने जहाजावर जागा मागितली आहे ती कशी? तळाशी, नाळेशी, सुकाणूपाशी, कोठेही. सोबतच्या लोकांना जेथे माझा उपद्रव कमीत कमी होईल तेथे. त्याच्यासाठी कोपरा ठरविण्याचे काम आता दुसऱ्या कोणाला करावे लागत नाही. ते तो स्वतःच करतो.

झटका शिगेला पोहोचतो तेव्हा तो निओप्टोलेमसला तलवारीने पाय तोडून टाक म्हणून विनवितो. मग तो त्याच्याकडून हात मागून घेतो, वैद्याचा म्हणून नव्हे, तर येथून जाणार नाही या वचनाचा म्हणून. तो हात देतो. आणि पुढच्याच क्षणी, वेदनेने भान हरपत असता, फिलोक्टेटिसला तो स्पर्शही सोसवत नाही. मला सोड म्हणून तो ओरडतो. जवळ असणे हवे आणि स्पर्श नको, ही परस्परविरोधी मागणी ज्यांनी दीर्घ आजाराच्या माणसाची शुश्रूषा केली आहे त्यांना परिचयाची वाटेल. झोपेतून तो जागा होतो तेव्हा पहिले आश्चर्य त्याला याचे वाटते की, हे लोक अजून येथेच आहेत. पूर्वी याच झोपेचा फायदा घेऊन त्याला टाकण्यात आले होते. प्रेक्षकाच्या दृष्टीने नाटकातील खरी घटना हीच आहे : कोणीतरी थांबले.

येथवर प्रयोगशाळेचा पक्ष बळकट दिसतो. अनुवादकाच्या दृष्टीने त्याला आणखी एक पुरावा मिळतो. ग्रीक भाषेत वेदनेच्या उद्गारांचा मोठा साठा आहे, आणि शोकात्मिकेत ते उद्गार छंदाच्या मापात बसविलेले असतात. फिलोक्टेटिसच्या तोंडी त्या झटक्यात ‘पापाय’ हा उद्गार लांबत, तुटत, पुनःपुन्हा येतो. सुमारे दीडशे ओळींनंतर हाच उद्गार पुन्हा ऐकू येतो. पण या खेपेस तो निओप्टोलेमसचा असतो. त्याला काही लागलेले नाही. एका दुखणेकऱ्याला आपण फसवीत आहोत याची लाज त्याला पहिल्यांदाच असह्य झाली आहे. देहाच्या वेदनेचा उद्गार त्या देहाशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या मनात उतरला आहे. हे साम्य योगायोगाचे मानणे कठीण आहे. नाटकाचा सारा कल या उद्गाराच्या प्रवासात साठलेला आहे.

मराठीत याचे काय करावे? फिलोक्टेटिससाठी ‘आई गं’ हा उद्गार सहज सुचतो. निओप्टोलेमससाठी ‘अरेरे’ किंवा ‘हाय’ सुचेल, किंवा उद्गार अजिबात गाळून ‘आता मी काय करू’ एवढा अर्थ ठेवण्याचा मोह होईल. वाक्य त्यामुळे स्वाभाविक होईल, पण दोन्ही स्थळांमधला धागा तुटेल. माझ्या मते थोडा अस्वाभाविकपणा पत्करूनही दोन्ही ठिकाणी एकच उद्गार ठेवला पाहिजे. तसे करताना मराठी अनुवादकाला एक लाभही होतो. आपल्याकडे ठेच लागली तरी माणूस आईला हाक मारतो. बंगालीत ‘मा गो’ म्हणतात, तमिळमध्ये ‘अम्मा’. देहाच्या वेदनेचा अगदी पहिला उद्गारच येथे दुसऱ्या माणसाला मारलेली हाक आहे. याक पँकसेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखवून दिले की, आईपासून दूर केलेल्या कुत्र्याच्या पिलांचा आक्रोश मॉर्फिनच्या अल्प मात्रेने शमतो. म्हणजे जे औषध जखमेवर चालते तेच ताटातुटीच्या रडण्यावरही चालते. हे शास्त्रीय तथ्य ‘आई गं’ या उद्गारात भाषेने फार पूर्वी साठवून ठेवले आहे, असे म्हणावेसे वाटते. ‘लागणे’ या क्रियापदाचेही तसेच. पायाला लागते आणि मनालाही लागते, आणि बोलणाऱ्याला यांपैकी एक प्रयोग लाक्षणिक असल्याची जाणीवही नसते.

परंतु नाटक येथे संपत नाही, आणि ते संपत नाही यातच त्याची थोरवी आहे. निओप्टोलेमस धनुष्य परत करतो आणि मनापासून सांगतो : ट्रॉयला चल, तेथे अस्क्लेपिअसचे पुत्र तुझा पाय बरा करतील, आणि विजयाचे यशही तुला मिळेल. दहा वर्षे ज्या ठणक्यापायी पाय तोडून टाकावा असे वाटले, तो थांबण्याची ही खात्री आहे. ती देणारा आता मित्र आहे. तरीही फिलोक्टेटिस नाही म्हणतो. ज्यांनी मला टाकले त्यांच्या शेजारी बसलेला मी, हे माझ्या डोळ्यांनी कसे पाहावे, असा त्याचा प्रश्न आहे. मागे सोसले त्याचे दुःख नव्हे, तर याच माणसांकडून पुढे जे सोसावे लागेल ते आपल्याला डसते, असे तो म्हणतो. आणि येथे कवीने योजलेले क्रियापद चावण्याचे, डसण्याचे आहे. सर्पाचा दंश आणि माणसांचा दंश भाषेने पुन्हा एकदा जवळ आणले आहेत. पण नेमक्या याच जागी ते वेगळे होतात, कारण फिलोक्टेटिस त्यांमधून निवड करतो. पायाची वेदना तो ठेवून घेतो आणि दुसरी नाकारतो. दोन्ही वेदना खरोखर एकच असत्या, तर ही निवड अर्थशून्य ठरली असती.

शास्त्रातही पुढे हाच भेद डोके वर काढताना दिसतो. ईथन क्रॉस आणि इतरांनी २०११ साली दोन्ही वेदनांचे आणखी काही समान भाग दाखविले. तर २०१४ साली चुंग-वान वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, मेंदूचे भाग समान असले तरी त्या भागांतील क्रियेचे आकृतिबंध भिन्न आहेत, आणि एकावरून दुसरा ओळखता येत नाही. मधल्या काळात, २०१० साली, तीन आठवडे रोज पॅरासिटामॉल घेणाऱ्यांनी मन दुखावल्याच्या तक्रारी कमी केल्या, असाही एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. तो प्रयोग निर्दोष आहे असे मानले तरी त्याने सिद्ध होते ते इतकेच की, दुखावल्याची जाणीव बोथट करता येते. परित्याग तेथेच राहतो. लेम्नॉसच्या किनाऱ्यावर फिलोक्टेटिसला एखादी वेदनाशामक वनस्पती सापडलेली आहेच. तिने जखम काहीशी निवते असे तो स्वतः सांगतो. येणारी-जाणारी जहाजे त्याला अन्नवस्त्रही देतात. घरी नेण्यास मात्र कोणी तयार होत नाही.

हा भेद मराठीच्या व्याकरणात नीट उतरतो. ‘दुखणे’ हे अकर्मक क्रियापद आहे : पाय दुखतो, मन दुखते, कोणी काही केलेच पाहिजे असे नाही. ‘दुखवणे’ म्हटले की कर्ता आला. ‘टाकणे’ म्हटले की टाकणारा आला, मग वाक्यात त्याचे नाव असो वा नसो. फिलोक्टेटिस आपल्या परित्यागाविषयी बोलतो तेव्हा बहुधा ही नावे घेतल्यावाचून राहत नाही : ॲट्रिअसचे दोघे पुत्र आणि ओडिसिअस. त्याच्या पायाला वैद्य पुरे आहे. परंतु त्याच्या दुसऱ्या दुःखाचा उपचार कर्त्याच्या सहभागावाचून होऊ शकत नाही. भवभूतीला हे ठाऊक होते. लोकापवादामुळे त्यागिलेली सीता ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात अदृश्यपणे रामाला स्पर्श करून त्याची मूर्च्छा घालविते, देहाच्या क्लेशाला तो स्पर्श पुरतो. परित्यागाचे परिमार्जन मात्र सातव्या अंकापर्यंत थांबते, आणि तेथे अरुंधती जमलेल्या पौरजनांना जाब विचारते. ज्यांच्या बोलण्याने त्याग घडला ते सीतेला वंदन करतात, आणि मगच पुनर्मीलन होते.

मराठी समीक्षेच्या दृष्टीने या भेदाला विशेष महत्त्व आहे, कारण बहिष्कार हा येथे कल्पित बेटावरील प्रसंग नव्हे. वाळीत टाकण्याच्या प्रथेविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१६ साली स्वतंत्र कायदा संमत करावा लागला, आणि तो २०१७ साली अमलात आला. त्या कायद्याने वाळीत पडलेल्याच्या दुःखाचे मोजमाप केले नाही. वाळीत टाकणाऱ्याच्या कृतीला गुन्हा ठरविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली पाक्षिक सुरू करताना त्याला ‘बहिष्कृत भारत’ असे नाव दिले. ‘बहिष्कृत’ हे कर्मणी धातुसाधित आहे. कोणीतरी बहिष्कार घातल्यावाचून ते संभवत नाही. त्याऐवजी ‘दुःखी भारत’ किंवा ‘पीडित भारत’ असे नाव असते, तर वाचकाची अनुकंपा मिळाली असती आणि प्रश्न मात्र निसटला असता. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून अशा आत्मकथनांना ‘वेदनेचे साहित्य’ म्हणून गौरविण्याची आपल्या समीक्षेत रूढीच पडली. या गौरवामागची सहानुभूती खोटी नाही. पण ‘बलुतं’ हे एका व्यवस्थेतील देण्याघेण्याचे नाव आहे, आणि ‘उपरा’ हे एका नात्याचे, किंबहुना नाते नाकारल्याचे, नाव आहे. त्यांना केवळ वेदना म्हटले की ती दुखणी होतात. आणि दुखण्याला कर्ता नसल्यामुळे वाचक सुखाने हळहळू शकतो. स्मिथचा प्रेक्षक पायाकडे दुर्लक्ष करून एकटेपणावर द्रवत होता. आपण एकटेपणाचे रूपांतर पायाच्या दुखण्यात करून द्रवतो. दोन्ही प्रकारांत ओडिसिअस मात्र अदृश्य राहतो.

नाटकाचा शेवट हेराक्लिस प्रकट होऊन करतो, आणि अनेक टीकाकारांना हा शेवट बाहेरून लादलेला वाटतो. ज्याने टाकले नाही अशाच कोणाच्या तरी शब्दाने फिलोक्टेटिस वळू शकतो, हे ध्यानात घेतले तर तसे वाटण्याचे कारण उरत नाही. ते धनुष्य त्याच्याकडे आले कसे, हेही येथे आठवावे. विषाने जळणाऱ्या हेराक्लिसची चिता पेटविण्याचे काम त्याने केले होते. त्या उपकाराची फेड म्हणून त्याला ते मिळाले होते. म्हणजे ज्या शस्त्रासाठी सारे ग्रीक सैन्य त्या टाकलेल्या माणसाच्या दारी आले, ते मुळात वेदनेने तळमळणाऱ्या दुसऱ्या एका माणसाच्या उपयोगी पडल्याबद्दल लाभलेले होते. त्याच्या वेळी मात्र कोणी थांबले नव्हते. फिलोक्टेटिसची आपल्या सोबत्यांविरुद्धची तक्रार एवढीच आहे, आणि ती पाय बरा झाल्यानेही फिटणारी नाही.